गुरू ग्रंथ साहिबातला नामा

अमृतसरच्या हरिमंदिर साहिबमध्ये रोज पहाटे गुरू ग्रंथ साहिबाची पालखी येते. ग्रंथ उघडला जातो आणि जे पान समोर येईल त्यावरचे पद मोठ्याने वाचतात. त्याला हुकमनामा म्हणतात. जगभरचे शीख त्या पदाकडे त्या दिवसापुरता गुरूचा आदेश म्हणून पाहतात. एखाद्या पहाटे उघडलेल्या पानावर पद निघते ते पंढरपूरच्या एका शिंप्याचे. त्या दिवशी कॅनडापासून केनियापर्यंतची शीख घरे आपल्या नामदेवांच्या शब्दांपुढे माथा टेकवतात.

रत्नागिरीत भजनाला बसणाऱ्या कुणालाही नामदेव कोण हे सांगावे लागत नाही. परंपरेने जन्म १२७० चा. वडील दामाशेटी, आई गोणाई. गुरू विसोबा खेचर. ज्ञानेश्वरांबरोबर तीर्थयात्रा, आणि १३५० मध्ये विठ्ठलमंदिराच्या महाद्वारातल्या पायरीशी समाधी. एवढे आपल्याला पाठ असते. पण त्यांची ६१ पदे १४३० पानांच्या गुरू ग्रंथ साहिबात, १८ वेगवेगळ्या रागांत विखुरलेली आहेत, हे कळले की ओळखीचा नामा एकदम फार मोठा दिसू लागतो.

परंपरा सांगते की ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर नामदेव उत्तरेकडे निघाले आणि पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान या गावी अनेक वर्षे राहिले. तिथे आजही त्यांच्या नावाचे मोठे स्थान आहे, ‘बाबा नामदेव’ म्हणून त्यांची आठवण जपलेली आहे. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच घुमानला भरले, डॉ. सदानंद मोरे अध्यक्ष होते. पंढरीचे नामदेव आणि ग्रंथातले नामदेव एकच का, यावर अभ्यासकांनी वादही घातले आहेत. पण ग्रंथातली पदे वाचताना विठ्ठलाचे नाव पुन्हा पुन्हा भेटते, मध्येच मराठी वळणाची क्रियापदे डोकावतात, आणि आपला माणूस ओळखायला वेळ लागत नाही.

खरे नवल पुढेच आहे. नामदेव गेले तेव्हा गुरुमुखी लिपीला तिचे आजचे रूप मिळालेलेच नव्हते. ते सोळाव्या शतकात गुरू अंगददेवांनी दिले. नामदेवांची पदे पंजाबात लिहिलेली सापडतात ती गुरू अमरदासांच्या काळातल्या गोइंदवालच्या पोथ्यांत, म्हणजे साधारण १५७० च्या आसपास. पुढे १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबाचे मूळ रूप, सिद्ध केला, भाई गुरदासांनी तो लिहून काढला, आणि ही पदे त्यात कायमची आली. म्हणजे मधली दोनशेहून अधिक वर्षे ही पदे बहुतांशी गाणाऱ्यांच्या तोंडीच जगली असणार. त्यांतले कितीतरी गाणारे पंढरपूरच काय, महाराष्ट्राच्या वाटेलाही कधी गेले नसतील.

ती टिकली कशी, याचे उत्तर ग्रंथाच्या रचनेतच दिसते. ग्रंथ विषयवार किंवा कविवार लावलेला नाही, तो रागांवर लावलेला आहे. रागात आधी गुरूंची पदे येतात, मग, असतील तर, कबीर, नामदेव, रविदास यांच्यासारख्या भगतांची. पदातल्या धृपदाला ‘रहाउ’ अशी खूण असते. पदाचा गाभा तिथे आहे, हे गाणाऱ्याला समजते. शेवटच्या ओळींत ‘नामा’ किंवा ‘नामदेव’ ही मुद्रा येते, त्यामुळे कर्ता हरवत नाही. ग्रंथात पदांच्या शेवटी क्रमांक घातलेले असतात, बेरजा मांडलेल्या असतात, म्हणून मध्येच कुणी नवे कडवे किंवा पद घुसवले तर हिशेब चुकतो. शब्द सुरात बांधलेले आणि सूर आकड्यांत मोजलेले, असा हा दुहेरी पहारा आहे.

आणि पदे तरी कशी! रामकली रागातल्या एका पदात पोर पतंग उडवते आहे. ते सोबत्यांशी गप्पा मारते, पण चित्त सारे दोरीवर. पाणी भरून येणाऱ्या पोरी हसतात, टाळ्या वाजवतात, पण लक्ष डोक्यावरच्या घागरीकडे. गाय पाच कोस लांब चरते, मन वासरापाशी. आई घरकामात गुंतलेली असते, जीव मात्र पाळण्यात. नामदेव हे सारे त्रिलोचन या आपल्या संतमित्राला सांगत आहेत. परंपरा त्रिलोचनांनाही बार्शीचे मानते, आणि त्यांचीही पदे ग्रंथात आहेत. दोन मराठी माणसांचे बोलणे पंजाबी गुरुद्वारात गायले जाते!

आसा रागातले पद आणखी धीट आहे. देवाला स्नान घालायला घागर भरून आणावी, तर पाण्यात लाखो जीव आधीच राहतात. फुले वाहावीत, तर भुंग्याने त्यांचा वास आधीच घेतला आहे. दुधाचा नैवेद्य दाखवावा, तर वासराने ते आधीच उष्टे केले आहे. मग देवाला कोरे, न वापरलेले असे काय द्यायचे? जिथे पाहावे तिथे विठ्ठलच भरलेला आहे.

भैरव रागात ते स्वतःवर आलेला प्रसंग सांगतात. हसत-खेळत देवळात गेलेल्या नाम्याला हीन जातीचा म्हणून उठवले. तो घोंगडी घेऊन मागे जाऊन बसला, आणि देऊळच त्याच्याकडे तोंड करून फिरले. औंढ्या नागनाथाच्या देवळाची ही कथा आपल्याकडेही सांगतात. धनासरी रागातल्या पदात ते देवाच्या ‘पतितपावन’ या ब्रीदाची आठवण काढतात. हे वाचताना रत्नागिरीकराच्या डोळ्यांपुढे आपल्या गावचे पतितपावन मंदिर उभे राहते. भागोजीशेठ कीरांनी बांधलेले हे मंदिर १९३१ मध्ये सर्व जातींना खुले झाले. दारातून हाकललेल्या माणसाची तक्रार आणि देवावरचा त्याचा भरवसा सहाशे वर्षांनीही किती ताजा होता, हे अशा वेळी उमगते.

या पदांच्या प्रवासाचे शेवटचे वळण तर थक्क करते. १७०८ मध्ये गुरू गोबिंदसिंगांनी आपल्यामागे देहधारी गुरू असणार नाही, ग्रंथच गुरू, असे ठरवले ते नांदेडला. नामदेवांचे जन्मगाव म्हणून अनेक जण सांगतात ते नर्सी बामणी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. पंजाबात जाऊन तिथल्या लोकांचे झालेले हे शब्द गोदावरीच्या काठी परत आले ते गुरू होऊन. गुरू नानकांचे शब्द, शेख फरीद या सूफी फकिराचे, विणकर कबिराचे, चर्मकार रविदासांचे आणि आपल्या शिंप्याचे शब्द एकाच आसनावर, एकाच चवरीखाली बसले.

ही पदे आता देवनागरीतही छापलेली मिळतात. मराठी अभंगांवर वाढलेल्या प्रत्येकाने ती मिळवून वाचावीत, जमल्यास गुरुद्वारात कीर्तन करणाऱ्या एखाद्या रागी जथ्याकडून ऐकावीत. नामदेवांचे निम्मे मोठेपण आपण पंढरीत जपले. उरलेले पंजाबने जपले, तेही कुणी सांगितले नसताना, केवळ प्रेमापोटी. त्या गाणाऱ्यांचे ऋण मराठीने मोकळ्या मनाने मान्य करायला हवे.