द गॉड्स देमसेल्व्ज

'द गॉड्स देमसेल्व्ज' ही अमेरिकन लेखक आयझॅक आसिमॉव्ह (१९२०–१९९२) यांची १९७२ साली प्रकाशित झालेली विज्ञान कादंबरी आहे. समांतर विश्वातील जीवांशी होणारी द्रव्याची देवघेव, तीतून मिळणारी जवळजवळ फुकटची ऊर्जा आणि त्या ऊर्जेमुळे सूर्याचाच स्फोट होण्याचा धोका हा तिचा विषय आहे. या कादंबरीला नेब्युला आणि ह्यूगो हे विज्ञानसाहित्यातील दोन्ही प्रमुख पुरस्कार मिळाले. आपल्या विज्ञान कादंबऱ्यांपैकी आसिमॉव्ह यांना स्वतःला ती विशेष आवडत असे.

शीर्षक आणि जन्मकथा

मूर्खपणाशी झुंजताना देवांचेही काही चालत नाही, या आशयाचे एक वाक्य जर्मन नाटककार फ्रीडरिश शिलर यांच्या जोन ऑफ आर्कवरील नाटकात (१८०१) आहे. त्या वाक्याचे तीन तुकडे करून आसिमॉव्ह यांनी ते तीन भागांना शीर्षके म्हणून दिले. शेवटच्या तुकड्यापुढे मात्र मुळात नसलेले प्रश्नचिन्ह टाकले. लेखकाचा आशावाद एवढ्या एका चिन्हात मावला आहे.

१९७१ साली एका चर्चेत लेखक रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी उदाहरणादाखल 'प्लुटोनियम-१८६' या समस्थानिकाचे नाव सहज घेतले. असा समस्थानिक अस्तित्वातच असू शकत नाही, हे रसायनशास्त्राचे अभ्यासक असलेल्या आसिमॉव्ह यांच्या लक्षात आले. आणि तो असू शकेल अशी परिस्थिती कोणती, या विचारातून आधी कथा आणि मग कादंबरी उभी राहिली.

वैज्ञानिक आधार

प्लुटोनियमच्या अणुकेंद्रकात ९४ प्रोटॉन असतात. वस्तुमानांक १८६ असेल, तर न्यूट्रॉन उरतात केवळ ९२. प्रोटॉन धनप्रभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात. त्यांना एकत्र बांधणारे तीव्र केंद्रकीय बल पुरे पडावे म्हणून जड मूलद्रव्यांत न्यूट्रॉनांची संख्या बरीच जास्त लागते. अणुभट्टीत तयार होणाऱ्या प्लुटोनियम-२३९ मध्ये ते १४५ असतात. म्हणजे ९२ न्यूट्रॉनांवर हे केंद्रक आपल्या विश्वात तग धरणार नाही. मात्र ज्या विश्वात तीव्र बल आपल्याहून सुमारे शंभरपट आहे, तिथे ते स्थिर राहील, अशी कादंबरीची कल्पना आहे.

असे प्लुटोनियम आपल्याकडे आले, की त्यातील २० प्रोटॉनांचे न्यूट्रॉन होत जातात, पॉझिट्रॉन बाहेर पडतात आणि शेवटी ७४ प्रोटॉन व ११२ न्यूट्रॉन असलेले टंगस्टन-१८६ उरते. टंगस्टन-१८६ निसर्गात खरोखरच आढळते. ते पलीकडे पाठवले, की तेथील नियमांनुसार उलटी क्रिया होऊन पुन्हा प्लुटोनियम बनते. दोन्ही बाजूंना ऊर्जा मिळते आणि कुणाचेच काही खर्च होत नाही, असे दिसते. या योजनेला कादंबरीत 'इलेक्ट्रॉन पंप' म्हटले आहे.

मेख पुढे आहे. द्रव्याबरोबर दोन्ही विश्वांचे नियमही थोडेथोडे एकमेकांत झिरपतात. आपल्याकडील तीव्र बल वाढत जाते, सूर्यातील केंद्रकीय संमीलन वेग घेते, आणि एके दिवशी सूर्याचा स्फोट होऊ शकतो. समांतर विश्व आणि ही नियमांची गळती या निव्वळ कल्पना आहेत. प्रोटॉन-न्यूट्रॉनांचा हिशेब मात्र खरा आहे.

कथानक

पहिल्या भागाची सुरुवात प्रकरण १ ने नव्हे, प्रकरण ६ ने होते. पहिल्या वाचनात ही छपाईची चूक वाटते. ती हेतुपुरस्सर केलेली रचना आहे. फ्रेडरिक हॅलम या सामान्य कुवतीच्या रसायनशास्त्रज्ञाच्या टेबलावरील टंगस्टनच्या बाटलीत वेगळेच द्रव्य दिसू लागते. बेंजामिन डेनिसन या सहकाऱ्याने मारलेला टोमणा जिव्हारी लागल्यामुळे हॅलम त्याचा छडा लावू पाहतो आणि पुढे 'इलेक्ट्रॉन पंपाचा जनक' म्हणून जगप्रसिद्ध होतो. पीटर लॅमाँट या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला धोका कळतो, पण हॅलमचा अहंकार, राजकारण्यांची भीती आणि स्वस्त विजेची सवय यांपुढे त्याचे कुणी ऐकत नाही.

दुसरा भाग समांतर विश्वात घडतो आणि कादंबरीतील सर्वोत्तम भाग तोच आहे. तेथील 'मऊ' जीवांची त्रिलिंगी कुटुंबे असतात : विचार करणारा ओडीन, संततीची काळजी वाहणारा ट्रिट आणि भावनाशील डुआ. प्रकाश हेच त्यांचे अन्न. त्यांचा सूर्य विझत चालल्यामुळे पंप ही त्यांची चैन नव्हे, जगण्याची गरज आहे. पलीकडच्या लोकांचा सूर्य फुटला तरी बिघडत नाही, या हिशेबाविरुद्ध एकटी डुआ उभी राहते. पृथ्वीवर पोहोचणारे धोक्याचे मोडकेतोडके संदेश तिचेच असतात.

तिसरा भाग चंद्रावरील वसाहतीत घडतो. तेथे गेलेला डेनिसन आणि चांद्रकन्या सेलीन यांना तिसऱ्या विश्वाचा मार्ग सापडतो. तेथे तीव्र बल अत्यंत दुबळे असल्याने दोन्ही गळत्या एकमेकींना छेद देतात. हा भाग संवादांनी लांबला आहे, आणि सेलीनचे चित्रण आज जुनाट वाटते.

पुनर्वाचन

प्रथम वाचताना लक्ष परग्रहवासीयांसारख्या त्या जीवांकडे जाते. दुसऱ्यांदा वाचताना पहिल्या भागातील कार्यालये आणि बैठका अधिक अस्वस्थ करतात. कादंबरी आली त्याच वर्षी स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रसंघाची मानवी पर्यावरणावरील परिषद भरली होती, आणि लगेच १९७३ मध्ये खनिज तेलाचे संकट आले. भारतात तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्येच सुरू झाले होते. तरीही आज ही कादंबरी अणुऊर्जेपेक्षा हवामानबदलाची वाटते : लाभ रोजचा, हानी उशिराची, आणि सांगणारा नकोसा.

मराठीत याच्या जवळ जाणारी कादंबरी जयंत नारळीकर यांची 'वामन परत न आला' ही होय. तिच्यात पुरातन प्रगत संस्कृतीकडून आयते मिळालेले ज्ञान यंत्रमानवाच्या रूपाने संकट बनते. दोन्हींतील प्रश्न एकच आहे : देणाऱ्याचा हेतू न तपासता देणगी घ्यावी काय?

वऱ्हाडात 'पंप' म्हटले की आधी विहिरीवरचा कृषिपंप आठवतो, आणि त्याच्यासाठी रात्रीच्या पाळीत येणारी वीज. अकोला जिल्ह्यातील पारस येथे महानिर्मितीचे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. अमरावतीजवळ नांदगावपेठ येथेही औष्णिक प्रकल्प असून त्याला ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी देण्यास सिंचनाच्या प्रश्नावरून शेतकऱ्यांनी विरोध केला होता. विजेचा लाभ एकीकडे आणि तिची किंमत दुसरीकडे, ही गोष्ट येथील वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. पारा ४५ अंशांपुढे गेलेल्या मे महिन्यात, कूलर बंद पडलेल्या खोलीत लॅमाँटचे प्रकरण वाचणाऱ्याला पंप चालूच ठेवा म्हणणाऱ्यांचेही म्हणणे पटू लागते, आणि कादंबरीची खरी अडचण तिथेच आहे.