शिक्षेला स्थगिती म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे

गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेली व्यक्ती अपील प्रलंबित असताना तुरुंगाबाहेर आली, की ‘न्यायालयाने तिला सोडून दिले’ असा समज पसरतो. हा समज कायद्याला धरून नाही. अशा वेळी केवळ शिक्षेची अंमलबजावणी थांबते. दोषसिद्धी कायम राहते.

ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८९ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३० मध्ये आहे. तीनुसार अपील न्यायालय कारणे लेखी नोंदवून शिक्षेला स्थगिती देऊ शकते आणि अपीलकर्त्याला जामिनावर मुक्त करू शकते. गुन्हा मृत्युदंड, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांच्या कारावासास पात्र असल्यास, सरकारी वकिलांना लेखी विरोध नोंदविण्याची संधी आधी द्यावी लागते. पुढे जामीन रद्द करण्याची मागणीही त्यांना करता येते.

या तरतुदीमागील कारण सरळ आहे. अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षाच भोगून संपली, तर निर्दोष ठरण्याला अर्थ उरत नाही. खुनाच्या खटल्यातील अपिलाची सुनावणी वाजवी मुदतीत होत नसेल, तर सबळ कारणाखेरीज अपीलकर्त्याला तुरुंगात ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये काश्मिरा सिंग प्रकरणात स्पष्ट केले. मात्र दोषसिद्धीनंतर आरोपी निर्दोष असल्याचे गृहीतक उरत नाही. म्हणून जन्मठेपेच्या प्रकरणांत गुन्ह्याचे स्वरूप आणि अपील यशस्वी होण्याची सकृद्दर्शनी शक्यता पाहिली जाते. ठरावीक, अल्प मुदतीच्या शिक्षेबाबत न्यायालये तुलनेने उदार असतात.

बाहेर काढलेला काळ शिक्षेत धरला जात नाही. अभिनेता संजय दत्त यांना शस्त्रास्त्र कायद्याखाली २००७ मध्ये मुंबईच्या टाडा न्यायालयाने सहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. २०१३ मध्ये दोषसिद्धी कायम राहून शिक्षा पाच वर्षांची झाली. पूर्वी भोगलेले सुमारे दीड वर्ष वजा झाले. जामिनावरील वर्षे मात्र वजा झाली नाहीत.

दोषसिद्धीलाच स्थगिती मिळणे ही याहून निराळी आणि अपवादात्मक बाब आहे. जानेवारी २००७ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांना ती मिळाली आणि त्यांना अमृतसरची पोटनिवडणूक लढविता आली. मार्च २००९ मध्ये दत्त यांना ती नाकारण्यात आली, त्यामुळे लखनौची उमेदवारी त्यांना सोडावी लागली.

स्थगिती मिळाली, तर पीडित कुटुंबाला दोषी व्यक्ती मोकळी फिरताना पाहावी लागते. नाकारली, तर कदाचित निर्दोष असलेला माणूस वर्षानुवर्षे कोठडीत राहतो. या दोन्ही अन्यायांवर खरा उपाय एकच आहे : अपिलाची लवकर सुनावणी.