मंडळाची उन्हाळी तहकुबी

पुनरुत्थानाचा सण पार पडला, की ख्रिस्ती मंडळ्यांच्या स्त्रीमंडळांत दरसाल एक ठराव बहुधा चर्चेवाचूनच संमत होतो, आणि तो असा, की जूनचा पाऊस लागेपर्यंत साप्ताहिक प्रार्थनासभा, आजाऱ्यांच्या भेटी व इतर कामकाज तहकूब ठेवावे. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडसारख्या गावी, जेथे एप्रिलअखेर पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, तेथे या ठरावाला हरकत घेणारा मनुष्य अविचारी ठरण्याचाच संभव अधिक. तथापि ती हरकत घेण्यासारखी आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा शिरस्ता मूळचा आपल्या मातीतला दिसत नाही. युरोप-अमेरिकेत जुलै-ऑगस्टमध्ये शाळा बंद होतात, कुटुंबेच्या कुटुंबे परगावी जातात आणि चर्चमधील समित्या सप्टेंबरात पुन्हा भरतात. तेथे उन्हाळा हा सुखाचा काळ असल्यामुळे सभा बंद राहते. इकडे १८३१ साली अहमदनगरास काम सुरू करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनमधील गोऱ्या मंडळींना दख्खनचे ऊन सोसवत नसे, म्हणून ती उन्हाळ्यात महाबळेश्वरी जात. मडमसाहेब डोंगरावर गेल्यावर त्यांच्याभोवती जमणारा स्त्रीवर्ग आपोआप सैल पडत असेल, आणि मडमसाहेब कायमच्या मायदेशी परतल्यावरही ती सुट्टी मात्र दप्तरात राहिली असेल, असा माझा तर्क आहे.

मराठवाड्यातील कष्टकरी कुटुंबांचे वर्ष या दप्तरातील वर्षाशी जुळत नाही, हीच खरी अडचण आहे. दसरा-दिवाळी आटोपली, की बीड, धाराशिव, लातूर या जिल्ह्यांतील हजारो जोडपी मुकादमाची उचल घेऊन, कोयते व लेकरेबाळे गाडीत घालून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नाताळ त्यांचा उसाच्या फडातल्या कोपीत होतो, मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा जागतिक प्रार्थनादिन पुष्कळदा तेथेच उलटतो, आणि गाळपाचा हंगाम संपून ती गावी परततात ती नेमकी उन्हाच्या तोंडावर. ख्रिस्ती मंडळ्यांतही अशी कुटुंबे आहेत. ज्या स्त्रीला वर्षातून सहा-सात महिनेच घराचा उंबरा लाभतो, ती परतताच मंडळाने कुलूप लावावे, याचा अर्थ असा होतो, की मंडळ पगारदार घरांतील, शिक्षिका-परिचारिकांचे आणि बारमाही गावी राहणाऱ्यांचे आहे, कोयता हाती धरणारीचे नाही. असे कोणी मुद्दाम ठरविले नसेल, हे मान्य. पण ठरावाचा परिणाम ठराव करणारांच्या हेतूची वाट पाहत नाही.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे, आणि ते हलके नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले, आणि मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची गाडी, दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन, कुर्डुवाडी-बार्शीच्या लोहमार्गाने १२ एप्रिल रोजी लातुरास पोहोचली. ज्या गावी टँकर रात्री केव्हा येईल याचा नेम नाही, तेथे बाईने घागर रांगेत सोडून गीते म्हणावयास यावे, असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. त्यात लग्नसराई! उपवासकाळात ख्रिस्ती घरांतून सहसा लग्ने होत नाहीत, त्यामुळे ती सारी ईस्टरनंतर कोंदाटून येतात. शिवाय वाळवणे असतात, माहेरपण असते, आणि मे महिन्यातील सुट्टीतल्या बायबल शाळेत मुलांना शिकविण्याचे काम याच स्त्रियांकडे येते. म्हणजे कागदोपत्री मंडळ तहकूब, आणि प्रत्यक्षात त्याच्या सभासद दुप्पट राबताहेत, असा हा विलक्षण प्रकार आहे. त्यांना विसावा हवा यात शंका नाही. मात्र सभेपासून हवा की सभेभोवती साचलेल्या उपचारांपासून, हे पाहिले पाहिजे.

उन्हाळ्यात मराठी स्त्रिया एकत्र येऊच शकत नाहीत हे म्हणणे तर इतिहासाला धरून नाही. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी जानेवारी १९०५ मध्ये सत्तरएक जणींना घेऊन रोजची प्रार्थना सुरू केली, आणि जूनअखेर तेथे ज्या प्रसिद्ध जागृतीला प्रारंभ झाला, तिच्या वेळेपर्यंत ही संख्या साडेपाचशेच्या घरात गेली होती. ती वाढली ती चैत्र-वैशाखाच्या उन्हातच. (ती संस्था निवासी होती, कोणाला उन्हातून चालत यावे लागत नव्हते, ही सवलत प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे.) शेजारच्या हिंदू घरांत चैत्रगौरीचे हळदीकुंकू अक्षय्यतृतीयेपर्यंत चालते, आणि कैरीची डाळ व पन्हे ही त्याची सामग्रीच सांगते, की हा समारंभ उन्हाला टाळून नव्हे, उन्हाला धरून रचलेला आहे.

तेव्हा तहकूब करावयाचे ते वेगळे आहे. चहा-फराळ बंद करावा, कारण आळीपाळीने घरोघरी सभा भरते तेव्हा यजमानीणबाईचा एक हंडा पेले विसळण्यातच जातो. स्पर्धा, वार्षिक अहवाल, वरिष्ठांचे सत्कार खुशाल पावसाळ्यावर टाकावेत. दुपारी चारची वेळ बदलून दिवेलागणीनंतरची करावी, सभा चर्चच्या पत्र्याखाली न भरविता अंगणात भरवावी, तासाची अर्धा तास झाली तरी चालेल, आणि टँकरच्या दिवशी ती बिनतक्रार रद्द व्हावी. चिटणीस व खजिनदार थकल्या असतील तर त्यांना दोन महिन्यांची रजा देऊन, फडावरून परतलेल्या एखादीकडे ते काम हंगामी म्हणून सोपवावे. हजेरीपट तिला लिहिता येत नसेल तर तो शेजारच्या मुलीने लिहावा.

वर्गणीचा प्रश्नही यात येतो, कारण गळिताची उचल फेडून आलेल्या घरी रोकड नसते आणि रित्या हाताने सभेस यावयास बाई संकोचते. त्यावर तोड एका भारतीय स्त्रीनेच काढून ठेवली आहे. १९५६ साली शांती सॉलोमन या एका आंतरराष्ट्रीय स्त्रीपथकाबरोबर आशियात हिंडत असता त्यांना कोरियात प्रवेश मिळाला नाही; त्या अनुभवातून त्यांनी सुचविले, की प्रत्येक प्रार्थनेबरोबर स्त्रीने आपल्या देशातील सर्वांत लहान नाणे बाजूला ठेवावे, म्हणजे श्रीमंत-गरीब दोघींचे दान एकाच मोलाचे होईल. ही प्रथा आज अनेक देशांत चालते. उन्हाळ्यापुरती तरी मंडळाची वर्गणी या मापाने घेण्यास कोणत्या घटनेची आडकाठी आहे, हे ठराव मांडणारांनी दाखवून द्यावे.