शिरस्त्राणाच्या आत

१९०५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तीन विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले, ते फुटबॉल या खेळाची कैफियत ऐकण्यासाठी. तो हंगाम संपला तेव्हा किमान अठरा तरुण या खेळापायी प्राणास मुकले असल्याची नोंद वृत्तपत्रांनी केली होती. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याच्याशी या खेळाचे साम्य नावापुरतेच. लंबगोल चेंडू हातात धरून, समोर उभ्या असलेल्या अकरा जणांची फळी फोडीत पुढे सरकावयाचे, आणि प्रतिपक्षाने चेंडूवाल्याच्या अंगावर झेप घेऊन त्याला भुईसपाट करावयाचे, हा त्याचा गाभा. या झेपेला 'टॅकल' म्हणतात. त्या काळी चेंडू पुढे फेकण्यास मज्जाव असल्यामुळे सारा संघ एकमेकांस बिलगून, पाचरीसारखा, एकाच जागी घुसत असे. १९०६ मध्ये चेंडू हवेतून पुढे फेकण्याची मुभा मिळाली, एका खेपेस पाचाऐवजी दहा यार्ड मजल मारण्याची अट आली, आणि दाटीवाटीने चिरडला जाणारा खेळ मैदानभर पसरला. खेळाडूंच्या जिवाची पहिली मोठी तजवीज अशी केवळ नियमपुस्तकातील फेरफाराने झाली, हे पुढील हकीकत वाचताना ध्यानात ठेवावयास हवे.

यानंतर मात्र या खेळाने आपला भरवसा साधनांवर टाकला. चामड्याच्या टोपीची जागा १९३९ पासून प्लास्टिकच्या कठीण शिरस्त्राणाने घ्यावयास आरंभ केला आणि १९४३ मध्ये व्यावसायिक संघांच्या 'नॅशनल फुटबॉल लीग'ने ते सक्तीचे केले. पुढे चेहऱ्यासमोर जाळीही आली. कवटी फुटण्याचे भय ओसरले खरे, परंतु नाक, दात आणि टाळू सुरक्षित झाल्याचा अर्थ खेळाडूंनी आणि त्यांच्या प्रशिक्षकांनी असा लावला की, आता डोके पुढे करून, एखाद्या एडक्याप्रमाणे, प्रतिस्पर्ध्यावर धडकण्यास हरकत नाही. रक्षणासाठी निर्माण केलेली वस्तू अशा रीतीने शस्त्र बनली. १९६८ या एकाच वर्षी, शाळेपासून व्यावसायिक संघांपर्यंत, ३६ खेळाडू मैदानावरील आघातांनी दगावले.

मानेची कथा याहूनही विदारक आहे. आपली मान स्वभावतः किंचित मागे वळलेली असते, आणि या बाकामुळेच धक्का स्नायूंमध्ये विभागला जातो. धडक देण्यासाठी खेळाडू हनुवटी छातीकडे घेतो तेव्हा मान सुमारे तीस अंशांनी पुढे झुकते, बाक नाहीसा होतो आणि सात मणके सरळ उभ्या खांबासारखे एका रेषेत येतात. अशा स्थितीत टाळू आदळली म्हणजे डोके जागच्या जागी थांबते, पाठीमागून येणारे धड थांबत नाही, आणि या दोहोंच्या कचाट्यात, इंजिन एकाएकी अडल्यावर मधला डबा चेपावा तसा, मानेचा मणका चेपतो. डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी अशा दुखापतींचे राष्ट्रीय दप्तरच उघडले आणि चित्रफितींचा बारकाईने अभ्यास करून ही कारणमीमांसा सिद्ध केली. डोक्याने धडक देण्यास १९७६ मध्ये बंदी झाली. त्या वर्षी मान मोडून हातपाय कायमचे लुळे पडलेल्या खेळाडूंची संख्या ३४ होती. १९८४ मध्ये ती ५ वर आली. शिरस्त्राणे तीच होती, खेळणाऱ्यांची रगही तीच होती. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या अल्प खर्चात इतका मोठा गुण देणारे इलाज फार थोडे सापडतील, असे मला वाटते.

राहिला मेंदू, आणि येथे शिरस्त्राणाची मर्यादा उघड होते. १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, ऑक्सफर्डचे पदार्थविज्ञ होलबर्न यांनी जिलेटिनच्या प्रतिकृतींवर प्रयोग करून एक सिद्धान्त मांडला, तो असा की, मेंदूचा पदार्थ दाबला असता जवळजवळ आकुंचन पावत नाही, परंतु पिळला किंवा सरकविला असता सहज विरूप होतो. म्हणून त्याला खरे भय सरळ धक्क्यापेक्षा डोक्याच्या गरकन फिरण्याचे. पाण्याने भरलेल्या कळशीला हिसका देऊन फिरवावे, तर कळशी फिरते आणि आतील पाणी क्षणभर मागेच राहते. कवटी आणि मेंदू यांचेही तेच. जबड्यावर तिरपा आघात बसून डोके झटक्याने वळते, आतील सुमारे चौदाशे ग्रॅमचा मऊ गोळा मागे रेंगाळतो, आणि या ओढाताणीत चेतापेशींचे लांबच लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. शिरस्त्राण कवटीभोवती असते. तिच्या आत त्याचा शिरकाव नाही.

वाचकांच्या मनात येथे सुतार पक्ष्याचा विचार येईल. दिवसभर खोडावर टोची मारणाऱ्या या पक्ष्याच्या डोक्यात धक्का शोषणारी काही करामत असावी, अशी समजूत पुष्कळ काळ रूढ होती आणि तिच्या आधारे शिरस्त्राणे सुधारण्याच्या गोष्टीही बोलल्या गेल्या. २०२२ मध्ये अतिवेगवान चित्रणाने ती खोटी ठरली. त्याचे डोके धक्का शोषीत नाही, ताठ हातोड्यासारखे वागते. त्याला तारते ते मेंदूचे चिमुकलेपण, कारण गोळा जितका लहान तितका त्याच्या आत उत्पन्न होणारा ताण कमी. मनुष्याला ही सवलत निसर्गाने दिलेली नाही.

सप्टेंबर २००२ मध्ये पिट्सबर्ग येथे माइक वेबस्टर नावाचा एके काळचा विख्यात खेळाडू वयाच्या पन्नासाव्या वर्षी मरण पावला. सतरा हंगाम तो फळीच्या मध्यभागी उभा राहिला होता आणि चार वेळा आपल्या संघासह अजिंक्य ठरला होता. पण अखेरच्या वर्षांत त्याची स्मृती आणि विवेक ढासळत गेले, आणि कित्येक रात्री त्याने आपल्या गाडीत काढल्या. शवविच्छेदन करणारे नायजेरियात जन्मलेले तरुण वैद्य डॉ. बेनेट ओमालू यांना त्याचा मेंदू बाहेरून निर्दोष दिसला. तरीही त्यांनी तो जतन केला, स्वतःच्या खर्चाने त्याचे पातळ काप करवून घेतले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना 'टाऊ' या प्रथिनाच्या गाठी आढळल्या. निरोगी चेतापेशीत हे प्रथिन तंतूंच्या आतील सांगाड्याला आधार देते; आघातांनी ते सुटे होऊन, गुंतून, पेशींचा घात करते. मुष्टियोद्ध्यांच्या अशाच अवस्थेचे वर्णन हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच करून ठेवले होते. फुटबॉलपटूतील या विकाराचा, म्हणजे 'क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी' किंवा 'सीटीई'चा, निबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा लीगच्या वैद्यकीय समितीच्या सदस्यांनी तो मागे घ्यावा अशी मागणी केली. ज्या समितीचे अध्यक्षपद अनेक वर्षे एका संधिवाततज्ज्ञाकडे होते, तिने मेंदूच्या विकृतीविषयी असा निवाडा द्यावा, याचा मला आजही संताप येतो. फुटबॉल आणि या विकाराचा संबंध लीगच्या अधिकाऱ्याने अमेरिकन काँग्रेसपुढे मान्य केला तो २०१६ मध्ये.

पुढे बोस्टन विद्यापीठात डॉ. ॲन मकी यांनी दान मिळालेल्या मेंदूंची तपासणी आरंभिली, आणि २०१७ मध्ये लीगच्या १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत हा विकार आढळल्याचे जाहीर केले. ज्यांच्या वागण्यात फरक पडला होता अशांचेच मेंदू कुटुंबीयांनी बहुधा दिले असणार, म्हणून हे प्रमाण सर्व खेळाडूंना लागू करणे अशास्त्रीय होईल. स्वतः संशोधकांनीही तसे स्पष्ट केले आहे. मला अधिक अस्वस्थ करतो तो २०२३ चा निष्कर्ष. शुद्ध हरपावी किंवा भोवळ यावी असे मोठे प्रसंग किती आले, यावरून विकाराचा अंदाज बांधता येत नाही. तो बांधता येतो आयुष्यभरात डोक्याने सोसलेल्या सर्व लहानमोठ्या धक्क्यांच्या एकत्रित बेरजेवरून. ज्या धडकेनंतर खेळाडू हसत उठतो आणि पुन्हा फळीत जाऊन उभा राहतो, ती धडकही या खात्यावर जमा होते. शिवाय जिवंतपणी या रोगाचे निश्चित निदान अद्याप होत नाही.

२ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटी येथे डामार हॅमलिन हा खेळाडू छातीवर आघात बसून कोसळला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात सेकंदाचा काही शतांश भाग असा असतो की नेमका तेव्हाच आघात झाला तर हृदयाची लय विस्कटते. सारे राष्ट्र पाहत होते, वैद्यकांनी तत्काळ छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन त्याला वाचविले, आणि पुढील हंगामात तो पुन्हा मैदानात उतरला. जो धोका डोळ्यांदेखत घडतो त्याचा बंदोबस्त मनुष्य असा तातडीने करतो. वीस वर्षांनी उगवणाऱ्याची दखल घेण्यासाठी त्याला न्यायालयात खेचावे लागते. हजारो माजी खेळाडूंच्या दाव्यात तडजोड झाली, तीतही कृष्णवर्णीय खेळाडूंची बौद्धिक पातळी मुळातच कमी असल्याचे गृहीत धरण्याची पद्धत अवलंबिली गेली, त्यामुळे ऱ्हास सिद्ध करणे त्यांना अधिक कठीण झाले. हा उघड अन्याय २०२१ मध्ये चव्हाट्यावर आला आणि ती पद्धत सोडण्याचे लीगने कबूल केले.

उपाय पुन्हा नियमांतूनच निघाले आहेत. डार्टमथ महाविद्यालयाचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये सरावात आपल्याच सवंगड्यांवर टॅकल करण्याची चाल बंद केली. पुढे त्यांच्याच विद्यालयात घडविलेल्या, मैदानावर धावणाऱ्या यांत्रिक बाहुल्यावर मुले झेप घेऊ लागली, आणि संघ जिंकतच राहिला. २०१६ मध्ये डार्टमथसह आठ विद्यापीठांच्या 'आयव्ही लीग'ने आणखी एक लहानसा बदल केला. डावाच्या आरंभी चेंडू लाथेने दूर उडविला जातो आणि दोन्ही संघ भर वेगाने एकमेकांवर धावून येतात, ती घटका सर्वांत घातक. म्हणून लाथ मारण्याची रेषा ३५ यार्डांवरून ४० वर आणली, की जेणेकरून चेंडू बहुधा पार टोकाशी जाऊन पडावा आणि उलट धाव घेण्याची वेळच येऊ नये. मेंदूला हादरा बसण्याचे प्रमाण अशा दर हजार खेळींमागे सुमारे अकरा होते, ते दोनवर आले. रेषा हलली होती पाच यार्ड, म्हणजे साडेचार मीटरांहून किंचित अधिक.