उमेदवार कोण? इराणची तरुण पिढी आणि मतपेटी

मागच्या व्याख्यानात कांटचा तिसरा प्रश्न अर्धवट राहिला होता. मला काय कळू शकतं, मी काय करायला हवं, आणि मी कशाची आशा धरू शकतो, असे त्याचे तीन प्रश्न. शेवटी एका ताईंनी विचारलं, "सर, आशा तत्त्वज्ञानात कशी येते? ती तर मनाची अवस्था झाली." वेळ संपली होती, म्हणून मी पुढच्या वेळी म्हणालो. आज त्यावरच बोलतो, पण जर्मनीत न जाता इराणमध्ये जाऊन.

सुरुवात एका शब्दाने करू. आपण 'उमेदवार' म्हणतो तो शब्द फारसीतून आलेला आहे. 'उमेद' म्हणजे आशा, आणि उमेदवार म्हणजे आशा बाळगणारा. मराठीत तो आधी नोकरीच्या आशेने बिनपगारी राबणाऱ्याला लागला, 'उमेदवारी करणे' त्यातूनच आलं, आणि मग निवडणुकीला उभा राहणाऱ्याला चिकटला. गंमत अशी की इराणमध्ये आज 'ओमीदवार' म्हणजे फक्त आशावादी माणूस. निवडणुकीला उभा राहतो त्याला तिथे 'नामजद' म्हणतात, आणि ज्याचा साखरपुडा झालाय त्यालाही 'नामजद'च म्हणतात. (हशा) तेव्हा इराणमध्ये उभा राहणारा नामजद आणि आशा धरून बसलेला तो ओमीदवार, म्हणजे मतदार. आजचं बोलणं या दुसऱ्याबद्दल आहे.

हा मतदार कशाला मत देतो, ते आधी समजून घ्यावं लागतं. १९७९च्या क्रांतीनंतर जी राज्यघटना आली तिच्यात दोन गोष्टी एकत्र नांदतात. एकीकडे थेट जनतेने निवडलेला राष्ट्राध्यक्ष आणि संसद, म्हणजे मजलिस. दुसरीकडे सर्वोच्च नेता. सैन्याचे प्रमुख, न्यायसंस्थेचा प्रमुख, सरकारी रेडिओ-टीव्हीचा प्रमुख, हे सगळे तो नेमतो. आणि या दोघांच्या मध्ये उभं असतं पालक मंडळ. बारा सदस्य. सहा धर्मशास्त्री, ते नेता नेमतो. सहा कायदेपंडित, त्यांची नावं न्यायसंस्थेचा प्रमुख सुचवतो आणि मजलिस त्यांतून निवडते. पण मजलिसला कोण उभं राहील हे पालक मंडळ ठरवतं! नेत्याची निवड करणारी तज्ज्ञांची सभा असते, तिलाही कोण उभं राहील हे पालक मंडळच ठरवतं. वर्तुळ पूर्ण झालं, बघा. घटनेत मंडळाला निवडणुकांवर 'नजारत' दिली आहे. आपल्या कोर्टातला नाझर त्याच मुळातला शब्द. १९९१च्या सुमारास मंडळाने या शब्दाचा अर्थ असा लावला की नुसती देखरेख नव्हे, तर कोण पात्र आणि कोण अपात्र हे ठरवण्याचा अंतिम अधिकार. एका शब्दाच्या अर्थावर पुढची तीस वर्षं फिरली.

मग अशा ठिकाणी तरुण माणूस मत द्यायला जातोच कशाला? आपल्याकडे यावर दोन झटपट उत्तरं तयार असतात. एक, ते भोळे आहेत. दोन, त्यांना भाग पाडलं जातं. माझ्या मते दोन्ही चूक.

१९९७ बघू. क्रांतीनंतर आणि इराकशी चाललेल्या युद्धाच्या काळात इराणमध्ये मुलं फार जन्मली. १९७६ला साडेतीन कोटींच्या आत असलेला देश १९८६ला पाच कोटींच्या जवळ पोचला. या पिढीतले पहिले लोक १९९७ला मतदार झाले होते, कारण तेव्हा मतदानाचं वय १५ होतं. अर्ज आले २३८, मंडळाने ठेवले चार. व्यवस्थेच्या मनातला माणूस होता मजलिसचा सभापती नातेक-नूरी. आणि शोभेला म्हणून जे ठेवले होते त्यांत एक मोहम्मद खातमी. धर्मगुरूच, पण इस्फहानच्या विद्यापीठात पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकलेले. आधी सांस्कृतिक खात्याचे मंत्री होते, कडव्यांशी पटेना म्हणून राजीनामा दिला आणि राष्ट्रीय ग्रंथालयाचे प्रमुख झाले. हा ग्रंथपाल कायद्याचं राज्य, नागरी समाज असले शब्द वापरत प्रचाराला निघाला. ८० टक्क्यांच्या आसपास मतदान झालं आणि त्याला दोन कोटी मतं पडली, म्हणजे जवळपास ७० टक्के.

या मतदानात तरुणांनी काय केलं? त्यांना चारांतला एक निवडायला सांगितलं होतं. त्यांनी चारांपैकी ज्याला पाडायचं त्याला पाडलं. कार्ल पॉपर म्हणतो की लोकशाहीचा खरा प्रश्न 'राज्य कोणी करावं' हा नाही, 'नको असलेल्या राज्यकर्त्याला रक्त न सांडता कसं काढावं' हा आहे. इराणमध्ये पॉपर पुष्कळ वाचला गेला, त्याच्या भाषांतरांवर वाद झाले. २००२मध्ये हाबरमास तेहरानला गेले तेव्हा त्यांच्या व्याख्यानाला अलोट गर्दी होती. आपल्याकडे ते आले असते तर सभागृह भरलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो आणि सोडून देतो.

आता आशेचं थोडं विश्लेषण करू. मला वाटतं की आशेला तीन गोष्टी लागतात. ती गोष्ट मला हवी असली पाहिजे. ती अशक्य नसली पाहिजे. आणि तिचा थोडा तरी भाग माझ्या हातात असला पाहिजे. तिसरी गोष्ट नसेल तर ते नुसतं वाट पाहणं आहे, आपण जून महिन्यात आभाळाकडे बघतो तसं. कांटच्या प्रश्नातलं 'धरू शकतो' म्हणजे 'धरायचा मला हक्क आहे का' असं आहे. १९९७च्या मतदाराला तो हक्क होता. मत देऊन खरंच काहीतरी हललं होतं. नवी वर्तमानपत्रं निघाली, पुस्तकांवरची बंधनं सैल झाली, १९९९ला पहिल्यांदा गावोगावच्या स्थानिक परिषदांच्या निवडणुका झाल्या. सुधारणावाद्यांचे एक सल्लागार होते सईद हज्जारियान. त्यांचं सूत्र असं की खालून दबाव आणायचा आणि वर वाटाघाट करायची. मत हा त्या दबावाचा कायदेशीर प्रकार.

पण वाटाघाटीला समोरचा बसावा लागतो. जुलै १९९९ला 'सलाम' हे वर्तमानपत्र बंद केलं, विद्यार्थी निषेधाला उतरले आणि रात्री तेहरान विद्यापीठाच्या वसतिगृहावर हल्ला झाला. मार्च २०००मध्ये हज्जारियान यांच्यावर गोळी झाडली गेली. ते वाचले, पण अपंग झाले. एप्रिलमध्ये एका फटक्यात डझनाहून जास्त नियतकालिकं बंद. त्याच वर्षी मजलिस सुधारणावाद्यांनी जिंकली होती, त्यांनी वृत्तपत्र कायदा बदलायला घेतला, तर नेत्याचं पत्र आलं आणि चर्चाच थांबली. पुढे खातमींनी दोन विधेयकं आणली. त्यांतलं एक पालक मंडळाची अपात्र ठरवण्याची ताकद कमी करणारं. ते मंजुरीला कोणाकडे गेलं? पालक मंडळाकडे. (हशा) हसू येतं, पण तिथल्या विशीतल्या मुलांना आलं नसेल. राष्ट्राध्यक्षाला नुसता 'तदारोकातची' करून टाकलंय, असं खातमी स्वतः म्हणाले होते. आपल्या खजानचीतला 'ची' तो हाच. सामान पुरवणारा माणूस, एवढाच अर्थ.

इथे तरुणांनी पहिल्यांदा घरी बसून पाहिलं. हा प्रसंग मी नेहमी सांगतो, कारण मतदान न करण्याची बाजू मांडणाऱ्यांना आणि करण्याची बाजू मांडणाऱ्यांना दोघांनाही तो अडचणीत टाकतो. २००३ला स्थानिक परिषदांची निवडणूक झाली. तेहरानमध्ये मतदान झालं सुमारे १२ टक्के. आणि मौज म्हणजे ही निवडणूक त्यातल्या त्यात मोकळी होती, कारण स्थानिक परिषदांचे अर्ज पालक मंडळ तपासत नाही. बारा टक्क्यांत संघटित असलेले पुराणमतवादी निवडून आले. त्यांनी एका फारशा परिचित नसलेल्या इंजिनियरला महापौर केलं. त्याचं नाव महमूद अहमदीनेजाद. दोन वर्षांनी तो राष्ट्राध्यक्ष झाला. म्हणजे जिथे दार उघडं होतं तिथेच लोक निराश होऊन गेले नाहीत, आणि जिथे बंद होतं तिथे पुन्हापुन्हा धडका मारत राहिले. मी यात कोणाला दोष देत नाही. निराशा दार बघून येत नसते.

२००९कडे वळतो. त्या वेळी मी पुण्यात शिकवत होतो. पुण्यात तेव्हा इराणी विद्यार्थी बरेच होते, आणि आमच्या विभागातही एक होता. ते लोक प्राध्यापकाला 'ओस्ताद' म्हणतात, आपला उस्ताद. आधी मला तबलजी झाल्यासारखं वाटायचं, मग सवय झाली. हा मुलगा पहिलं मत १९९७ला, सोळाव्या वर्षी दिलेला. २००५ला दिलं नव्हतं, आणि त्याची त्याला टोचणी होती. २००९ला मीर होसेन मूसवी उभे राहिले, ऐंशीच्या दशकातले पंतप्रधान. मनगटाला हिरवी फीत बांधून हा कँपसात हिंडायचा. टीव्हीवर दोन-दोन उमेदवारांचे समोरासमोर वाद झाले, ते तो संगणकावर बघायचा आणि आम्हाला अर्थ सांगायचा. १२ जूनला मतदान झालं. त्यांच्याकडे 'शेनासनामे' नावाची जन्मनोंदीची छोटी पुस्तिका असते, तिच्यावर तेव्हा मतदानाचा शिक्का मारत. शिक्का नसेल तर सरकारी नोकरीत अडचण येते अशी समजूत असल्यामुळे काही लोक जायचे आणि कोरी चिठ्ठी टाकायचे. यानेही पुस्तिका आणून मला शिक्का दाखवला, पण तो नोकरीसाठी नव्हता.

सरकारी आकडे असे: मतदान ८५ टक्के, अहमदीनेजाद सुमारे ६३, मूसवी सुमारे ३४. चार कोटींच्या जवळ हातांनी मोजायच्या चिठ्ठ्या, आणि निकालाचा रोख काही तासांत जाहीर. १५ तारखेला तेहरानमध्ये लाखो लोक रस्त्यावर आले, बरेच अंतर शांतपणे चालले. फलकांवर एकच प्रश्न, माझं मत कुठे आहे. मला या प्रश्नाचं फार वाटतं. 'राजवट उलथवा' असं ते म्हणत नव्हते. तुम्हीच दिलेल्या नियमांप्रमाणे, तुम्हीच गाळून ठेवलेल्या चौघांतल्या एकाला मी मत दिलं, ते कुठे गेलं ते सांगा, एवढंच. याहून नेमस्त मागणी काय असू शकते? उत्तर गोळीबाराने, अटकांनी आणि कॅमेऱ्यासमोरच्या कबुलीजबाबांनी दिलं गेलं. मूसवींना फेब्रुवारी २०११पासून घरातच कैद केलं. मूसवींनी आपल्या चळवळीला नाव दिलं होतं 'आशेचा हिरवा मार्ग'.

तुम्हाला वाटेल की इथे संपलं. नाही. २०१३ला हसन रूहानी आले, आणि त्यांच्या सरकारचं नाव 'तदबीर व ओमीद', शहाणपण आणि आशा. २०१६ला सुधारणावाद्यांनी मजलिससाठी 'ओमीद'ची यादी केली आणि तेहरानच्या तीसच्या तीस जागा जिंकल्या. नावाजलेले लोक अपात्र ठरले होते, तेव्हा फारशी कोणाला माहीत नसलेली नावं यादीत घातली आणि लोकांनी ती पाठ करून लिहिली. तिथे मतपत्रिकेवर नावं हाताने लिहावी लागतात. तीस नावं! २०१७ला रूहानी ५७ टक्क्यांनी परत आले. अणुकरार झाला, अमेरिकेने २०१८ला तो मोडला, रियाल कोसळला, पगाराची किंमत राहिली नाही. त्याआधीच, २०१७च्या अखेरीस लहान लहान शहरांत निदर्शनं झाली. त्यांतली घोषणा सुधारणावादी आणि कट्टर, दोघांचाही खेळ संपला अशा आशयाची होती. २०१९च्या नोव्हेंबरात पेट्रोलच्या दरवाढीवरून लोक रस्त्यावर आले, शेकडो मारले गेले, आणि तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूहानीच होते. माझ्या मते मतपेटीवरचा विश्वास तुटला तो २००९ला नव्हे, इथे. २००९ला मत चोरलं गेलं असं लोकांना वाटलं. चोरी होते म्हणजे वस्तूला किंमत आहे. २०१९ला असं दिसलं की मत मोजलं गेलं, आपला माणूस निवडून आला, आणि गोळी चालायची ती चाललीच.

त्यानंतरचे आकडे तुम्हीच बघा. २०२०ची मजलिस, मतदान सुमारे ४२ टक्के. २०२१ला अर्ज ५९२, पात्र सात. रईसी निवडून आले, मतदान ४९ टक्क्यांच्या आत, आणि बाद मतं सुमारे ३७ लाख. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ३४ लाख होती. म्हणजे दुसरा क्रमांक कोऱ्या आणि बाद चिठ्ठ्यांचा! सप्टेंबर २०२२ला महसा अमिनीचा कोठडीत मृत्यू झाला आणि शाळकरी मुलींनी डोक्यावरची वस्त्रं काढली. याला पाश्चात्त्य वर्तमानपत्रं 'राजकारणाचा कंटाळा' म्हणत होती ती वर्षं मला आठवतात. कंटाळलेला माणूस असा रस्त्यावर उतरत नाही. हव्यासा वाटणाऱ्या गोष्टी त्याच आहेत, शक्यताही मेलेली नाही. आपल्या हातातला भाग मात्र मतपेटीतून उठून दुसरीकडे गेला. केस मोकळे सोडून बाहेर पडणं हे माझ्या हातात आहे, ते मी आज करू शकते, असं एकोणीस वर्षांची मुलगी म्हणते. त्याला मी आशाच म्हणतो, कांटच्या अर्थाने.

२०२४ला रईसी हेलिकॉप्टरच्या अपघातात गेले आणि अचानक निवडणूक लागली. पालक मंडळाने सहांत एक सुधारणावादी ठेवला, मसूद पेझेश्कियान, हृदयाचे शल्यचिकित्सक, खातमींच्या काळात आरोग्यमंत्री. २८ जूनला मतदान झालं ४० टक्क्यांना किंचित कमी, क्रांतीनंतरच्या कुठल्याही राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीतलं सर्वांत कमी. ५ जुलैच्या दुसऱ्या फेरीत समोर कट्टर सईद जलीली होते, तेव्हा जवळपास ५० टक्के झालं. पेझेश्कियान यांना १ कोटी ६४ लाख, जलीलींना १ कोटी ३५ लाख. निम्मा देश घरी.

त्या दुसऱ्या फेरीनंतर माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता, इराणमध्येच असायचा. म्हणाला, ओस्ताद, मी दोन्ही वेळा गेलो. घरातून निघताना बहिणीची मुलगी दारात उभी होती. तिने मला अडवलं नाही. फक्त म्हणाली, मामा, तुमच्या पुस्तिकेत किती शिक्के झाले? मी मोजले नाहीत, तो म्हणाला. परत आलो तेव्हा ती बाहेर गेली होती, ओढणी घरात खुंटीला होती, आणि ती येईपर्यंत मी खिडकीशी बसून राहिलो. मी विचारलं, मग? म्हणाला, आली. उशिरा आली, पण आली. मग आम्ही दोघांनी जेवण केलं आणि निकालाबद्दल बोललो नाही.

चला, प्रश्न घेऊ. त्या मागे बसलेल्या मुलीचा हात आधी वर होता.