उकळत्या सिरिंजपासून लाल टोपणापर्यंत

आंबिवलीहून पहाटेची लोकल धरून कल्याण, ठाणे, मुंबईच्या रुग्णालयांत सकाळच्या ड्युटीला जाणाऱ्या नर्सिंगच्या मुलींच्या शिक्षणात गेल्या चाळीस वर्षांत काय बदललं, हे बघायचं तर आधी सुईकडे बघावं.

तेव्हा काचेची सिरिंज उकळून पुन्हा वापरत. 1986 मध्ये चेन्नईत देशातल्या पहिल्या एचआयव्ही रुग्णांचं निदान झालं आणि त्या धास्तीने पुढे एकदाच वापरायच्या सिरिंज रुळल्या. पण वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायची सवय चिवट निघाली, आणि बोटाला सुई टोचते ती बऱ्याचदा तेव्हाच. 1998 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम, मग 2016 चे नवे नियम आले. सुया पांढऱ्या, आरपार न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत. हा पांढरा डबा खाटेपाशी हवा. वॉर्डाच्या टोकाला असेल तर कोणता कचरा कुठे हे सांगणाऱ्या भिंतीवरच्या तक्त्याचा काही उपयोग नाही, असं माझं ठाम मत आहे.

इन्सुलिन देतानाही नुसता नियम पाठ असून भागत नाही. आपल्याकडच्या कुपीत बहुधा मिलिलिटरला 40 युनिट असतात आणि त्यासाठीच्या सिरिंजचं टोपण लाल. 100 युनिटवाल्या सिरिंजचं केशरी. आता 100 चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत ओढलं, तर रुग्णाच्या अंगात 50 युनिट जातात. दरदरून घाम, थरथर, मग शुद्ध हरपते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे तोंडपाठ असलेली मुलगीही घाईत इथे फसू शकते. म्हणून इन्सुलिन देण्याआधी दुसऱ्या सिस्टरने कुपी आणि सिरिंज दोन्ही बघायची.

काही कामांना मात्र कुठलंही टोपण किंवा डबा पुरत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग 1973 पासून तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं की 38 वर्षांत त्यांना एकही बेडसोअर झाला नाही. कूस बदलणं, पाठ कोरडी ठेवणं, लालसर जागा वेळीच हेरणं हे सगळं केईएमच्या परिचारिकांनी पाळीपाळीने हातांनी केलं. त्याला माणसं लागतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक नर्स असा आहे. नेमणुका तेवढ्या व्हायला हव्यात. विद्यार्थिनींना हिशेबात धरून तो आकडा भरून काढणं मला मान्य नाही.