एप्रिल ते ऑक्टोबरची गाडी

जर्मनीत काही गाड्यांच्या नंबरप्लेटवर उजव्या टोकाला दोन बारीक आकडे एकावर एक छापलेले दिसतात. वर ०४, खाली १०. गाडी एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसापर्यंतच रस्त्यावर येणार, असा त्याचा अर्थ. ही हंगामी पाटी १९९७पासून मिळते, कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त अकरा महिन्यांची. कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. उरलेल्या काळात गाडी चालवणं सोडाच, सार्वजनिक रस्त्याच्या कडेला नुसती उभी केली तरी दंड होतो.

मुंबईशी १९६८पासून भगिनी-शहराचं नातं असलेलं श्टुटगार्ट हे पोर्शे ९११ या स्पोर्ट्स कारचं गाव. तिथला ९११वाला ऑक्टोबरात जे करतो ते आपल्या कोकणी माणसाला लगेच कळेल; पावसाळ्याआधी होडी वर ओढून शाकारतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे भीती मिठाची. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याचं खारं पाणी चाकांनी उडतं आणि पत्र्याच्या सांध्यांत जाऊन बसतं. जुन्या ९११ याच खाऱ्या पाण्याने पोखरल्या. १९७६च्या मॉडेलपासून पोर्शेने जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरला आणि गंजाविरुद्ध सहा वर्षांची हमी दिली. पण बोल्ट, सायलेन्सरचे पट्टे, ब्रेकच्या नळ्या यांना ते भाग्य नाही. त्यातून स्पोर्ट्स कारला उन्हाळी टायर. त्यांचं रबर सात अंशांखाली कडक होऊ लागतं आणि पकड जाते.

म्हणून आधी अंघोळ, तीही पोटाखालून. २००४ ते २०१२च्या काळातली ९९७ ही ९११ घ्या. हिचे रेडिएटर पुढच्या चाकांच्या पुढे, बंपरच्या दोन खिडक्यांमागे असतात. उन्हाळाभर गाडी पालापाचोळा गिळते आणि तो एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये अडकतो. वरून काही दिसत नाही. आत बोट घातलं की काळा, ओला लगदा हाताला लागतो, मातीत मिसळलेला. तो तसाच राहिला तर ॲल्युमिनियमला भोकं पडतात. लांब नळीचा व्हॅक्यूम घेऊन तासभर उकिडवं बसायचं. गाडीला मेण चोळत बसणारे पुष्कळ असतात, पण हा तासभर देणारे थोडे. माझ्या मते सगळ्या तयारीत हाच तास सर्वांत मोलाचा.

दारांच्या रबरांना हरणाची चरबी लावतात, लिपस्टिकसारख्या कांडीतली. ती न लावल्यास रबर चौकटीला चिकटतं आणि दार उघडताना फाटतं.

मग ऑइल. ते वसंतात बदलावं की शरदात, यावर गॅरेजमध्ये वाद रंगतात. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणाची आम्लं आणि पाणी उतरलेलं असतं. ते पाच महिने बेअरिंगांवर कशाला ठेवायचं? तेव्हा आताच बदलावं. टाकी काठोकाठ भरायची, कमी एथेनॉलच्या पेट्रोलने, कारण एथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जुन्या पत्र्याच्या टाक्यांना याची जास्त गरज. टायरांत नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण बार हवा जास्त, म्हणजे एकाच जागी चपटे बसत नाहीत. हँडब्रेक ओढायचा नाही, ब्रेक चिकटतात. गिअरमध्ये टाकून चाकाला लाकडी ठोकळा लावायचा.

बॅटरीचं गणित मात्र नीट मांडायला हवं. किल्ली काढलेली गाडीही झोपत नाही. अलार्म, घड्याळ, कुलपाचा रिसीव्हर मिळून ३० मिलीअँपिअरच्या आसपास ओढत राहतात. म्हणजे दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. ७० अँपिअर-तासांची नवी कोरी बॅटरी कागदावर ९७ दिवसांत रिकामी, म्हणजे १ नोव्हेंबरला उभी केलेली गाडी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गार. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीतलं जवळजवळ पाणीच असतं, ते शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठून डबा फोडतं. म्हणून हिवाळाभर छोटा चार्जर लावून ठेवायचा. ९९७मध्ये यात आणखी एक मेख आहे. इंजिन मागे, बॅटरी पुढच्या डिकीत आणि ती डिकी उघडते विजेच्या खटक्यावर! बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत जायची वाटच बंद. कारखान्याने त्याचीही सोय केली आहे. ड्रायव्हरच्या पायाशी असलेल्या फ्यूजच्या पेटीतून एक टोक बाहेर ओढता येतं. बाहेरून त्याला धन वीज द्यायची, ऋण वायर दाराच्या अडकणाला लावायची आणि मग खटका उघडतो. फेब्रुवारीच्या गारठ्यात उताणं होऊन हे करण्यापेक्षा चार्जर स्वस्त.

वर अंगरखा घालायचा तो श्वास घेणाऱ्या कापडाचा. प्लास्टिकखाली ओल कोंडते. गरम गॅरेजचा मोह असतो, पण मीठ न धुतलेली गाडी उबेत जास्त वेगाने गंजते. थंड आणि कोरडी जागा बरी. एअर फिल्टरच्या पेटीत उंदीर बिऱ्हाड करतात, तेव्हा हवेच्या तोंडाला जाळी हवी. मार्चमध्ये ती आठवणीने काढायची.

एवढं करून माणूस जानेवारीतल्या रविवारी गॅरेजात जातो आणि 'जरा इंजिन फिरवून घेऊ' म्हणून पाच मिनिटं चालू करतो. हे सर्वांत वाईट. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. गरम सायलेन्सरमधून ते वाफ होऊन निघून जातं, थंड सायलेन्सरमध्ये आतच साचतं. थोडं ऑइलमध्येही उतरतं. त्यात थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं आणि ते सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन टाकतं. पाच मिनिटांत यातलं काहीच सुकत नाही. चालवायची तर चांगली तासभर चालवावी, पण तेवढी चालवायला बाहेर काढावी तर रस्त्यावर मीठ आहे.

वसंतात बाहेर काढताना ब्रेकच्या चकत्या तांबूस दिसतात, नवखा मालक घाबरतो. दोन-चारदा हळू ब्रेक लावले की तो थर निघून जातो. टायरांची हवा पुन्हा नेहमीच्या आकड्यावर आणायची, आणि एक जोरदार पाऊस होऊन रस्ता धुतला जाईपर्यंत किल्ली खुंटीलाच ठेवायची.